वरोर्‍याचे परदेशी पाहुणे

परदेशच्या सहलीचे अखेरचे दिवस बहुधा खरेदींत आणि निरोपांत जातात. जहाज सुटण्याची तारीख ठरलेली असते, पेट्या बांधावयाच्या असतात, घरच्या धाकट्यांसाठीं कांहीं न्यावयाचें असतें. आणि ज्या देशांत दोन-तीन महिने काढले त्या देशानें आपल्याला काय दिलें, याचा हिशेब करण्यास तरुण प्रवाशांना सवड नसते. आपण त्या देशांत मागें काय ठेवून चाललों, हा प्रश्न तर त्याहूनहि क्वचित् कोणाच्या मनांत येतो. १९५४ सालीं चांदा जिल्ह्यांतील वरोरा गांवाबाहेर निरनिराळ्या देशांतून आलेल्या तरुणांचें एक पथक सुमारें तीन महिने राहिलें, राबलें आणि निघून गेलें. त्यांच्या बाबतींत या दुसर्‍या प्रश्नाचें उत्तर गांवच्या भाजीबाजारांत मिळालें.

चांदा जिल्हा त्या वेळीं आजच्या चंद्रपुराहून पुष्कळ मोठा होता. जुन्या मध्यप्रदेशाचा तो भाग होता, आणि इंद्रावतीच्या कांठापर्यंत पसरलेलें सागाचें व बांबूचें सारें रान त्यांत मोडत असे. गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला तो १९८२ च्या २६ ऑगस्टला. वरोरा मात्र या रानाच्या उंबरठ्यावर, लोहमार्गावरचें गांव. येथें दगडी कोळसा सांपडला म्हणून १८७० नंतरच्या दशकांत वर्ध्याहून येथवर गाडी आली. पुढें कोळशाची खाण बंद पडली, पण लोहमार्ग राहिला, आणि कालांतरानें दिल्लीहून मद्रासला जाणार्‍या मोठ्या रस्त्याचा तो एक तुकडा बनला. अशा गांवांत असतें तें सर्व येथें होतें : कापसाचा व्यापार, आठवड्याचा बाजार, नगरपालिका, न्यायकचेरी आणि कचेरीभोंवतीं वकील.

या वकिलांपैकींच मुरलीधर देवीदास आमटे हे एक होते. त्यांचा जन्म हिंगणघाटला, १९१४ सालीं, जमीनदार कुटुंबांत झाला. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतांना मैला वाहणार्‍या कामगारांचें दुःख समजावें म्हणून त्यांनीं स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली, हें सर्वश्रुत आहे. अशा निर्भय माणसाला पावसांत रस्त्याकडेला पडलेला, हातापायांचीं बोटें झडलेला तुळशीराम नांवाचा महारोगी दिसला, तेव्हां तो भ्यायला आणि निघून गेला. मग त्याच भीतीची लाज वाटून परतला व त्या मरणोन्मुख माणसाची शुश्रूषा करूं लागला. आमटे यांच्या आयुष्याची दिशा या प्रसंगानें बदलली. त्यांचें महत्त्व धैर्यांत शोधण्यापेक्षां या भयाच्या प्रामाणिक अनुभवांत शोधावें हें अधिक बरें. कारण पुढें वरोर्‍याच्या लोकांची भीति त्यांना परकी वाटली नाहीं.

महारोगाची भीति तरी वरोर्‍याचीच होती असें नाहीं. नॉर्वेतील बर्गेन येथें डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढला, त्यामुळें हा पूर्वजन्मींच्या पापाचा किंवा वंशाचा दोष नसून जंतुजन्य विकार आहे एवढें विज्ञानापुरतें ठरलें. पण व्यवहारांत त्याचा परिणाम उलटाच झाला. रोग जंतूंचा आहे असें ठरतांच रोग्याला वेगळें काढण्याचा आग्रह वाढला. हिंदुस्थानांत १८९८ चा कायदा निराधार महारोग्यांना पकडून आश्रमांत ठेवण्याची मुभा देत होता. औषध म्हणावें तर कडू कवठाच्या जातीच्या तेलाच्या टोंचण्या. त्यांनीं गुण थोडा आणि यातना फार. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ पासून महारोग्यांच्या सेवेचें केंद्र चालविलें होतें, सेवाग्रामांत गांधीजींनीं परचुरे शास्त्र्यांची सेवा केली होती. म्हणजे या टापूला महारोगसेवा अपरिचित नव्हती. तथापि सेवेविषयीं आदर बाळगणें आणि शेजारीं राहणें यांत अंतर आहे.

आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्यें त्यांनीं या रोगाचें शिक्षण घेतलें, आणि तेथें प्रयोगासाठीं महारोगाचे जंतु स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतले. रोग झाला नाहीं. डॅप्सोन हें नवें औषध याच सुमारास हातीं आलें होतें. पोटांत घेण्याच्या स्वस्त गोळीनें रोग हटूं शकतो, हें जगाला नुकतेंच कळूं लागलें होतें. सरकारनें वरोर्‍याबाहेर ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन दिली. १९५१ च्या जून महिन्यांत, पोचमपल्लीला भूदानाचा उगम पाहून पायीं पवनारला परतणार्‍या विनोबांच्या हस्तें तेथें कामाचा आरंभ झाला. बाबा आमटे, साधनाताई, त्यांचीं दोन मुलें, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये ही आनंदवनाची पहिली मालमत्ता. दोन मुलांपैकीं थोरला चार वर्षांच्या आंतला आणि धाकटा तीन वर्षांच्या आंतला होता, हें ध्यानांत ठेवावयास हवें; पुढें त्याचें काम पडणार आहे.

पहिलें काम विहिरीचें. जे हात निरुपयोगी म्हणून समाजानें टाकले त्यांनीं खडक फोडला आणि पाणी लागलें. पाण्यामागून भाजीपाला आला, आणि तो लवकरच वस्तीच्या गरजेपेक्षां जास्त होऊं लागला. तेव्हां अडचण उभी राहिली. आनंदवनाची भाजी वरोर्‍यांत कोणी घेईना. दान मागितलें असतें तर गांवानें तें कदाचित् दिलें असतें. महारोग्याला भीक घालण्याची रीत जुनीच होती. परंतु हे रोगी भीक मागत नव्हते, ताजी भाजी विकूं पाहत होते, आणि तिला गिर्‍हाईक नव्हतें. दान देणारा दुरून नाणें टाकून निघून जाऊं शकतो. भाजी मात्र घरांत न्यावी लागते, चिरावी लागते, मुलांच्या ताटांत वाढावी लागते. आनंदवनाचा मूळ संकल्प असा कीं, रोग्यानें भिक्षेवर न जगतां श्रमावर जगावें. बाजार बंद असतांना त्या श्रमाचें मोल कोण ठरविणार?

या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे स्वयंसेवक आनंदवनांत आले. या संस्थेची कुळकथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडमधील इंजिनियर. त्याचा बाप त्या देशाचा अध्यक्ष होऊन गेलेला. पहिल्या महायुद्धानंतर या माणसानें असें मांडलें कीं, सैन्यांत जितकी शिस्त आणि जितके कष्ट तरुणांकडून घेतले जातात, तितकेच बांधण्याच्या कामासाठीं घ्यावेत. व्याख्यानें नकोत, कृति हवी, हें संस्थेचें ब्रीद. १९२० च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त खेड्यांत पहिलें पथक गेलें. त्यांत जर्मनहि होते. चारच वर्षांपूर्वीं ज्या रणभूमीवर लाखों माणसें पडलीं होतीं, तेथें जर्मन माणूस फ्रेंच शेतकर्‍याचें घर बांधूं लागला. पण मनांतील कटुता भिंतीहून उंच निघाली. गांवांतील विरोध शमेना, अधिकार्‍यांची साथ तुटली, आणि पांच महिन्यांनीं पथकाला तेथून निघावें लागलें. एनमधील त्यांचे अखेरचे दिवस अपयशाचे होते.

भारताशीं या संस्थेचा संबंध १९३४ च्या १५ जानेवारीला झालेल्या बिहारच्या भूकंपामुळें आला. सेरेसोल स्वतः आला, राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या मदतकार्यांत सामील झाला आणि मुझफ्फरपूरच्या बाजूला पुरापासून सुरक्षित अशा जागीं नवीं खेडीं बसविण्याचें काम १९३७ पर्यंत चाललें. सेरेसोल १९४५ सालीं वारला. वरोर्‍याला आले ते त्याच्या पुढच्या पिढीचे तरुण. या पथकांत पगार नसतो; राहण्याची व जेवणाची सोय तेवढी होते.

येथें त्यांनीं काय केलें? रोग्यांच्या दवाखान्यासाठीं इमारती उभारल्या. वरोर्‍याच्या उन्हांत, खडकाळ जमिनीवर, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनीं हें काम केलें. ते आनंदवनांतच राहत, तेथलेंच पाणी पीत, आणि रोग्यांनीं पिकविलेलें अन्नच खात. गोर्‍या तरुण-तरुणी टोपल्या उचलतात, ही गोष्ट त्या काळच्या तालुक्याच्या गांवाला नाटकाहून कमी नव्हती. लोक पाहावयास येऊं लागले. जो रस्ता तीन वर्षें टाळला होता त्यावर पावलें उमटूं लागलीं. येणारे प्रथम कुंपणाबाहेर थांबले असतील, मग आंत आले. आणि एकदां आंत आल्यावर विहीर, शेत, गोठा आणि काम करणारीं माणसें न दिसणें अशक्यच होतें.

पथकाचा मुक्काम संपत आला तोंवर वरोर्‍याचा विचार बदलला होता. हे परदेशचे शिकलेले लोक महारोग्यांची भाजी खातात आणि त्यांना कांहीं होत नाहीं, तर आपण खाण्यास काय हरकत, असा साधा व्यवहारी विचार गांवानें केला आणि आनंदवनाच्या भाजीला गिर्‍हाईक मिळालें. पाहुणे गेले, पण गिर्‍हाईक गेलें नाहीं.

हा युक्तिवाद शास्त्राच्या कसोटीवर मुळींच टिकणारा नव्हता, ही यांतील मौज. महारोगाचा जंतु अत्यंत सावकाश वाढतो. एकाचे दोन होण्यास बारा-चौदा दिवस लागतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सरासरीनें पांच वर्षें, केव्हां केव्हां वीस वर्षेंहि लोटतात. तेव्हां तीन महिने राहून धडधाकट परतलेला माणूस हा कशाचाच पुरावा होत नाहीं. निष्कर्ष खरा होता, पण त्याचीं कारणें निराळीं होतीं. शंभरांतील पंचाण्णव माणसांचें शरीर या जंतूला निसर्गतःच दाद देत नाहीं. उपचार सुरू झालेल्या रोग्यापासून धोका फारसा उरत नाहीं. आणि भाजीच्या जुडीवाटे हा रोग पसरत नाहीं. हा जंतु इतका हट्टी कीं प्रयोगशाळेंत तो कोणत्याहि प्राण्याच्या शरीरांत वाढविणें १९६० पर्यंत साधलें नाहीं. त्या सालीं अमेरिकेंतील शेपर्ड यांनीं उंदराच्या तळपायांत तो वाढवून दाखविला.

पुरावाच पाहिजे होता तर तो वरोर्‍याच्या डोळ्यांसमोर १९५१ पासून होता. गांवांतलाच वकील, त्याची बायको आणि दोन कोंवळीं मुलें याच वस्तींत राहत होतीं, याच विहिरीचें पाणी पीत होतीं. हा तीन वर्षांचा पुरावा गांवानें मानला नाहीं आणि परक्यांचा तीन महिन्यांचा मानला. असें कां व्हावें? आपल्यांतला माणूस सर्वस्व सोडून रोग्यांत जाऊन बसला, कीं लोक त्याला संत म्हणतात किंवा वेडा म्हणतात. दोन्ही नांवांचा उपयोग एकच, त्याचा कित्ता गिरविण्याची जबाबदारी टळते. संताला रोग झाला नाहीं तर तें त्याचें पुण्य, आणि झाला तर तो त्याच्या वेडाचा परिणाम. परदेशी तरुण मात्र ना संत होते ना वेडे. विद्यार्थिदशेच्या वयाचीं, हसणारीं-खेळणारीं, चार दिवसांनीं घरीं जाणारीं सामान्य माणसें होतीं तीं. त्यांच्याशीं स्वतःची तुलना करतां येत होती. यांत गोर्‍या कातडीच्या दबदब्याचाहि वांटा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. इंग्रज जाऊन सातच वर्षें झालीं होतीं, आणि साहेब जें खातो तें निर्धोक असणार ही समजूत कायद्यानें रद्द होणारी नव्हती. ज्या रोग्यांनीं ती भाजी पिकविली त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, त्यांच्या वतीनें पाहुण्यांच्या ताटानें साक्ष दिली. आनंदवनाला हा कमीपणा वाटला असता तर नवल नव्हतें. पण बाबांनीं मान-अपमानाचा घोळ घालीत न बसतां उघडलेल्या दारांतून रोग्यांना बाजारांत नेलें.

एन आणि वरोरा यांची तुलना येथें सहज सुचते. एनमध्यें गांवकर्‍यांसाठीं घरें बांधलीं, आणि गांवानें बांधणार्‍यांना घालविलें. वरोर्‍यांत गांवासाठीं एक वीटहि रचली गेली नाहीं, तरी गांव चालत आलें. फ्रेंच खेड्याची भीति शेजार्‍याविषयींची, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या वैर्‍याविषयींची होती. वरोर्‍याची भीति न पाहिलेल्या गोष्टीची होती, आणि पाहतां पाहतां ती उतरली.

दहा वर्षांनीं, १९६४ सालीं, आनंदवनांत आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या बांधकामांत रोगमुक्तांचे हात होते, आणि शिकावयास येणारीं मुलें वरोर्‍याचीं व आसपासच्या खेड्यांचीं होतीं. ज्यांच्या घरीं एकेकाळीं आनंदवनाची मेथी येत नव्हती, त्या घरांतले तरुण तेथें दिवसभर बसूं लागले. पूर्वेकडील घनदाट रानांत, भामरागडच्या बाजूला हेमलकसा येथें, माडिया गोंडांसाठीं लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या २३ डिसेंबरला निघाला, आणि आनंदवनांत वाढलेला धाकटा मुलगा, प्रकाश, डॉक्टर होऊन तेथें गेला. आणि १९७५ सालीं तेथें जो छोटा दवाखाना झाला त्याला मदत आली ती पुन्हां स्वित्झर्लंडच्याच ‘स्विसएड’ या संस्थेची.

परदेशी पथकाची कामाची रीतहि या मुलखांत रुजली. मूल तालुक्यांतील सोमनाथ येथें १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी भरूं लागली. महाराष्ट्रांतील कॉलेजांचीं मुलें-मुली ऐन मे महिन्यांत तेथें येतात, पहांटे उठून कुदळ-फावडें घेऊन बांधावर जातात, दुपारीं चर्चा करतात, आणि आठवडा संपला कीं हातांवरचे फोड घेऊन गाडीनें घरीं परततात.