ओट्याचा दगड आणि आपली उंची



मागे आमच्या गटाची बैठक एका वहिनींच्या नव्या घरात झाली. सगळ्यांनी आधी ओट्यावरून हात फिरवून पाहिला. काळा ग्रॅनाइट, तोंड दिसेल इतका चकचकीत. वहिनी चहा ठेवायला वळल्या. त्यांनी पायानं एक पाट पुढं ओढला आणि त्यावर चढून गॅस पेटवला. आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "गवंड्यानं छत्तीस इंच धरला. मला कुणी विचारलंच नाही. चार भाकऱ्या थापल्या की खांदे भरून येतात."

आमचं हसू तिथंच थांबलं. त्या ओट्यात गटाच्या कर्जाचे पैसे गेले होते आणि ज्या बाईनं ते फेडायचे तिलाच तो पुरत नव्हता. म्हणून आज ओट्याची गोष्ट सांगायची ठरवली.

आपल्या आज्यांच्या घरात असा उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा नव्हता. चूल जमिनीवर, तिच्या शेजारी वैल. पाटावर बसायचं, पुढ्यात काटवट घ्यायची. विळीही जमिनीवरच. धुरानं डोळे जायचे, ऊठबस करून गुडघे जायचे. ते दिवस चांगले होते असं आम्ही म्हणणार नाही. पण भाकरी थापताना हात वरून खाली यायचा आणि अंगाचा भार आपोआप पिठावर पडायचा.

स्वयंपाकघरात दगड होता तो जात्याचा आणि पाट्या-वरवंट्याचा. तो आपल्याच डोंगरातला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तापलेला लाव्हा थंड होऊन तो बनला. तो कठीण आहे, टाकी लावून त्याचं जातं घडतं. पण त्याचे पातळ, रुंद पापुद्रे सुटत नाहीत. म्हणून आपल्याकडे दगड पायलीला पन्नास असूनही फरशी मात्र बाहेरून आली.

ती आली कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबादहून. तिथला दगड चुनखडक आहे. पाण्याच्या तळाशी गाळ थरावर थर साचून तो तयार झाला, त्यामुळे पहार घातली की सपाट लादी सुटते. मुंबईकडून जाणारी रेल्वे शहाबादवरून पुढं जाऊन १८७१ साली रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली. लादीसारखा जड माल लांब न्यायचा तर रेल्वेसारखी सोय नव्हती. काळसर कडप्पाही चुनखडकच. आंध्र प्रदेशातल्या ज्या जिल्ह्यात तो निघतो, त्याचंच नाव त्याला पडलं. मांडणीच्या फळ्या, पाण्याच्या हंड्यांची जागा आणि पुढं ओटा, या सगळ्याला कडप्पाच लागला.

पण बाई उभी राहिली ती गॅसमुळं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची हा सुरक्षेचा नियम आहे. सिलिंडर खाली, शेगडी वर, म्हणून ओटा कमरेपर्यंत चढला. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात दिला गेला. खेड्यापाड्यांत मोठ्या प्रमाणावर गॅस पोचायला पुढची पन्नास वर्षं गेली. उज्ज्वला योजना २०१६ची. त्याच वर्षी सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ झालं आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरली गेली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकींच्या घरातला हा पहिलाच ओटा आहे. तो कसा असावा हे सांगायला घरात आजीचा अनुभव नाही.

उभ्यानं काम करायची वेळ दुसऱ्या देशांतल्या बायकांवर आपल्या आधी आली होती. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे दहा हजार बांधली गेली. त्यात खिडकीशी कामाचं टेबल होतं आणि बसून चिरायला कमी-जास्त उंचीचं स्टूल. त्याच काळात अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ या बारा मुलांच्या आईनं, ज्या स्वतः इंजिनिअर होत्या, सांगितलं की ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवावी. शंभर वर्षं होत आली, आपला गवंडी अजून छत्तीस इंच धरतो!

आता दगडाचं. शहाबादी आणि कडप्पा स्वस्त पडतात, तवा-पातेलं सोसतात. पण चुनखडकाला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की तिथलं पॉलिश उडून पांढुरका डाग राहतो. ग्रॅनाइटला आंबटानं काही होत नाही. म्हणून दुकानात जाताना पदराला एक लिंबू बांधून न्या. तुकड्यावर थेंब टाका, थोडं थांबा, पुसून बघा. काही ठिकाणी ग्रॅनाइटला काळा रंग लावून विकतात. स्पिरिटचा पांढरा बोळा घासला आणि काळा झाला, तर तो दगड घेऊ नका.

क्वार्ट्झ म्हणून जो तयार दगड मिळतो, तो दगडाचा चुरा चिकट द्रव्यात बसवून कारखान्यात करतात. त्यात सिलिका फार असते. कापताना उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कापणारे कामगार आजारी पडले म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका आहे, जरा कमी. तेव्हा अंगणात कोरडा कटर चालू द्यायचा नाही. पाणी सोडूनच कापायला सांगा आणि पोराबाळांना लांब ठेवा. गवंडीही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

आणि दगड घेण्याआधी माप घ्या. सरळ उभं राहून कोपर दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला ३२-३३ इंच पुरतात. भाकरीला त्याहून तीन-चार इंच खाली हवं. घरात दोघी स्वयंपाक करत असतील, तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा.

वहिनींचा ग्रॅनाइट काही उखडला नाही. पण मांडणीतून उरलेला कडप्पा होता. त्याचा खिडकीशी २९ इंचांचा छोटा ओटा झाला. माप आम्ही घेतलं, गवंड्याच्या हातात टेप वहिनींनी स्वतः दिला. आता भाकऱ्या तिथं होतात आणि पाट पुन्हा बसायला लागतो.

तुमच्याकडे घरकुलाचं काम निघालं असेल, तर येत्या बैठकीला टेप घेऊन या. एकमेकींची मापं घेऊ.