ॲझटेक लोकांचा उगम व उदय

ॲझटेक : मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठारावर इ. स. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत प्रबळ झालेला एक मूळ अमेरिकन लोकसमूह. त्यांची नाहुआत्ल ही भाषा यूटो-ॲझटेकन भाषाकुलातील होय. हे लोक स्वतःस ‘मेशिका’ म्हणवीत व त्यावरूनच मेक्सिको हे देशनाम रूढ झाले. ‘ॲझटेक’ म्हणजे आस्त्लानचे रहिवासी. ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात आलेक्सांडर फोन हंबोल्ट व विल्यम प्रेस्कॉट यांच्या लेखनामुळे सर्वत्र प्रचारात आली.

ॲझटेकांच्या परंपरेनुसार त्यांचे मूलस्थान आस्त्लान हे सरोवरातील एक बेट होते. तेथून वित्सिलोपोच्त्ली या कुलदैवताच्या आज्ञेवरून ते बाहेर पडले आणि त्याची मूर्ती बरोबर घेऊन अनेक पिढ्या भटकत राहिले. या स्थलांतराची हकीकत बोतुरिनी पोथीत चित्रलिपीद्वारा रेखाटलेली असून तीत पावलांच्या ठशांनी प्रवासाचा मार्ग दाखविला आहे. आस्त्लानचे भौगोलिक स्थान निश्चित करता आलेले नाही. भाषिक पुराव्यावरून मात्र नाहुआत्ल भाषकांच्या टोळ्या उत्तरेकडून, अनेक लाटांनी, मध्य मेक्सिकोत आल्या असे मानण्यात येते. बाराव्या शतकात तोल्तेकांच्या तुला या राजधानीचा ऱ्हास झाल्यावर या हालचालींस वेग आला. ॲझटेक हे या टोळ्यांपैकी सर्वांत उशिरा आलेले होत.

ते मेक्सिकोच्या खोऱ्यात आले, तेव्हा तेथील सरोवरांच्या काठची सुपीक जमीन आस्कापोत्साल्को, कुल्वाकान, तेश्कोको इ. नगरराज्यांनी व्यापलेली होती. तेराव्या शतकात ॲझटेकांनी चापुल्तेपेक टेकडीवर वस्ती केली; परंतु शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना तेथून हुसकून लावले. पुढे कुल्वाकानच्या आश्रयाने ते तिसापान येथील ओसाड, खडकाळ भूमीवर राहिले व त्या राज्याच्या वतीने भाडोत्री सैनिक म्हणून लढले. कुल्वाकानच्या अधिपतीने विश्वासाने दिलेली कन्या त्यांनी देवास बळी दिली व त्यामुळे त्यांना पळ काढावा लागला, अशी आख्यायिका आहे.

अखेरीस त्यांनी तेश्कोको सरोवरातील दलदलीच्या बेटांवर आसरा घेतला. निवडुंगावर बसलेला गरुड जेथे दिसेल तेथे नगर वसवावे, असा देवाचा कौल होता आणि तो येथे खरा ठरला, असे परंपरा सांगते. हेच चिन्ह आज मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर आहे. तेनोच्तित्लान नगरीची स्थापना परंपरेने १३२५ मध्ये झाली असे मानतात. ॲझटेक कालगणनेत वर्षांची नावे दर ५२ वर्षांनी पुन्हा येत असल्याने आरंभीच्या कालखंडातील सनावळी सर्वस्वी निर्णायक मानता येत नाही.

ही जागा कोणालाही नकोशी होती, तथापि तिचे काही फायदे होते. मासे व पाणपक्षी विपुल मिळत, होड्यांतून मालाची ने-आण सुलभ होई आणि भोवतालच्या पाण्यामुळे संरक्षणही लाभे. उथळ पाण्यात चिखल व वनस्पतींचे थर रचून तयार केलेल्या ‘चिनाम्पा’ नावाच्या शेतांतून वर्षाकाठी अनेक पिके घेता येत. या शेतांना ‘तरंगत्या बागा’ म्हणतात, परंतु ती प्रत्यक्षात तळाशी पक्की जखडलेली असत. सोचिमिल्को येथे त्यांचे अवशेष अद्यापि लागवडीखाली आहेत.

राजकीय इतिहास : नव्या नगरीस आरंभी आस्कापोत्साल्कोच्या तेपानेक राज्यकर्त्यांस खंडणी द्यावी लागे व युद्धात सैन्य पुरवावे लागे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲझटेकांनी आकामापिच्त्ली यास राजपदी बसविले. त्याचा मातृवंश कुल्वाकानचा असून त्याद्वारे प्राचीन तोल्तेकांशी नाते सांगता येत असे. ज्या राजकुळाने त्यांना हाकलले, त्याच्याच रक्ताने त्यांच्या राजवंशास प्रतिष्ठा मिळाली. त्याचा वारस वित्सिलीवित्ल याने तेपानेक अधिपती तेसोसोमोक याच्या कन्येशी विवाह केला व खंडणीचा भार हलका करून घेतला.

१४२६ मध्ये तेसोसोमोक मरण पावला आणि माश्त्लाने सत्ता बळकावली. याच सुमारास ॲझटेक राजा चिमाल्पोपोका याचा अंत झाला. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या इत्स्कोआत्लने (कार. सु. १४२७–४०) तेश्कोकोचा पदच्युत राजपुत्र नेसावाल्कोयोत्ल याच्याशी हातमिळवणी करून १४२८ मध्ये आस्कापोत्साल्कोचा पाडाव केला. त्यानंतर तेनोच्तित्लान, तेश्कोको व त्लाकोपान यांचा त्रिराज्य संघ स्थापन झाला. जिंकलेल्या प्रदेशांतील खंडणीपैकी पहिल्या दोघांस प्रत्येकी दोन व त्लाकोपानला एक वाटा मिळे, असे सांगतात.

या विजयानंतर इत्स्कोआत्लने जुन्या चित्रपोथ्या जाळून टाकल्याचा उल्लेख सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साहागून याच्या ग्रंथात आढळतो. पूर्वेतिहास सर्वांस ठाऊक असणे इष्ट नाही, असे राज्यकर्त्यांस वाटले. देवाने निवडलेल्या लोकांची कथा पुढे राहिली. मांडलिक, भाडोत्री टोळीचा इतिहास मागे पडला. म्हणून आज उपलब्ध असलेले स्थलांतराचे वृत्तांत हे विजेत्यांनी नव्याने रचलेल्या इतिहासाचे वारसदार आहेत, याचे भान अभ्यासकास ठेवावे लागते. प्रत्यक्ष ॲझटेकांनाही आपल्या मूलस्थानाचे कुतूहल होते. पहिल्या मोक्तेसुमाने (कार. १४४०–६९) आस्त्लानच्या शोधार्थ मांत्रिक पाठविल्याची कथा डोमिनिकन धर्मोपदेशक दिएगो दुरान याने नमूद केली आहे.

मोक्तेसुमाच्या कारकीर्दीत १४५०–५४ दरम्यान भीषण दुष्काळ पडला. तथापि राज्यविस्तार चालूच राहिला. आशायाकात्लने (कार. १४६९–८१) १४७३ मध्ये त्लातेलोल्को हे जोडनगर जिंकले. आवित्सोत्लच्या (कार. १४८६–१५०२) अमदानीत साम्राज्य पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरले व १४८७ मध्ये महामंदिराच्या वाढीव वास्तूचा समर्पण सोहळा झाला. जित राज्यांचा कारभार बहुधा स्थानिक अधिपतींकडेच ठेवण्यात येई. त्यांनी मका, कापूस, कोको, पिसे इ. वस्तू खंडणीरूपाने पाठवाव्यात एवढीच अपेक्षा असे. या पद्धतीने साम्राज्य झपाट्याने वाढले, परंतु मांडलिकांची निष्ठा संपादन करता आली नाही. तेनोच्तित्लान मात्र दीड ते दोन लाख वस्तीचे महानगर बनले असावे, असा अंदाज आहे.

स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये आला, तेव्हा आजवर जिंकता न आलेले त्लाश्काला राज्य व अनेक असंतुष्ट मांडलिक त्यास मिळाले. १५२० मध्ये देवीच्या साथीने असंख्य लोक मृत्युमुखी पडले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडले. आस्कापोत्साल्कोच्या विध्वंसापासून तोवर शतकही पूर्ण झाले नव्हते.

१९७८ मध्ये मेक्सिको सिटीत विजेच्या तारांसाठी खोदकाम करीत असता कोयोल्शाउकी देवतेचे सु. ३·२५ मी. व्यासाचे शिल्प सापडले व एद्वार्दो मातोस मोक्तेसुमा याच्या मार्गदर्शनाखाली महामंदिराचे उत्खनन सुरू झाले. भावाने, म्हणजे वित्सिलोपोच्त्लीने, छिन्नविच्छिन्न केलेली ही देवी त्याच्याच मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी कोरलेली आढळली. स्थलांतरकथेतील हा संहार मंदिराच्या रचनेतच गोवलेला होता, हे त्यावरून स्पष्ट झाले. मंदिराचे एकावर एक उभारलेले टप्पेही उघडकीस आले असून एका लहानशा वस्तीचे साम्राज्याच्या राजधानीत झालेले रूपांतर पोथ्यांपेक्षा अधिक निःपक्षपातीपणे त्यांतून दिसते.