पंचगंगा खोऱ्यातील पूर

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व तिच्या उपनद्यांना पावसाळ्यात येणारा पूर आणि त्याच काळात सखल वस्त्यांत तुंबणारे पाणी. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीजवळ सुरू होणारी पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये येथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये ती पातळीही ओलांडली गेली.

कारणे : उपनद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात. गगनबावडा, राधानगरी परिसरात अतिवृष्टी झाली, की तीव्र उतारावरून पाणी वेगाने खाली येते. कोल्हापूरच्या पूर्वेस मात्र उतार अगदी कमी असून पात्र वळणावळणाचे आहे. त्यामुळे पाणी पुढे सरकत नाही, पसरते. त्याच वेळी कोयना व वारणा धरणांतील विसर्गाने कृष्णा भरून वाहत असेल, तर पंचगंगेला फुगवटा येतो. धरणे भरत आली असताना घाटमाथ्यावर पुन्हा जोराचा पाऊस झाल्यास पाणी सोडावेच लागते. २०१९ मध्ये तसे घडले. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा यात किती वाटा आहे, हा दोन्ही राज्यांतील वादाचा विषय आहे. पूररेषेतील बांधकामे व रस्त्यांचे भराव यांमुळेही पाणी अडते.

शहरातील पाणी : कोल्हापूर शहराचे सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदीची पातळी वाढली, की नाल्याचे तोंड बंद झाल्यासारखे होऊन पाणी उलट शिरते व शाहूपुरी, लक्ष्मीपुरी यांसारखे भाग नदीकाठी नसतानाही बुडतात. गणेशोत्सव तोंडावर असल्याने शाहूपुरीतील कुंभार गल्लीत तयार मूर्ती हलवण्याची धांदल उडते.

परिणाम : प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांना स्थलांतर करावे लागते. शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर पाणी आल्यास वाहतूक थांबते. उपसा केंद्रे बुडाल्याने महापुरातच नळ कोरडे पडतात व टँकरने पाणी पुरवावे लागते. उसाचे नुकसान पाणी किती दिवस टिकते यावर ठरते : शेंडा पाण्याखाली राहून पोंग्यात गाळ साचला, की तो कुजतो, मग कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतात आणि वजन व साखर उतारा घटतो. सोयाबीन व भुईमूग त्याआधीच हातचे जातात. ओसरल्यावर उरणाऱ्या गाळामुळे व साचलेल्या पाण्यामुळे साथीच्या रोगांचा धोका वाढतो.

उपाययोजना : नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखून बांधकामांवर निर्बंध घातले जातात. २०१९ नंतर राज्य शासनाने वडनेरे समिती नेमून पुराच्या कारणांचा अभ्यास करून घेतला. धरणांतून टप्प्याटप्प्याने विसर्ग करणे, त्यासाठी महाराष्ट्र व कर्नाटक यांनी समन्वय राखणे आणि पूरबाधित वस्त्यांचे उंचावर पुनर्वसन करणे हे मुख्य उपाय होत.