खुर्चीचे वारसदार ते खुर्चीचाच प्रश्न : अमेरिकी ‘लेट नाइट’ कार्यक्रमांतील स्थित्यंतरे

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने १७ जुलै २०२५ रोजी स्टीफन कोलबर्ट यांचा ‘द लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सूत्रसंचालक बदलणे त्या देशाला नवे नाही. मात्र या घोषणेत कोलबर्ट यांच्या वारसदाराचे नाव नव्हते आणि ते पुढेही असणार नव्हते. १९९३ मध्ये डेव्हिड लेटरमन यांच्यासाठी सुरू झालेला आणि २०१५ मध्ये कोलबर्ट यांच्याकडे आलेला हा कार्यक्रम कायमचा संपवण्यात येत असल्याचे वाहिनीने स्पष्ट केले. त्यापूर्वीच्या सुमारे सात दशकांत अमेरिकेत गाजलेले वाद प्रामुख्याने रात्रीच्या या खुर्चीवर कोणी बसायचे याविषयीचे होते. आपल्या वेळेत प्रेक्षकसंख्येत आघाडीवर असलेल्या कार्यक्रमाची खुर्चीच काढून घेण्याचा हा प्रसंग त्यामुळे वेगळा ठरला.

साचा कसा घडला

रात्री उशिराच्या या कार्यक्रमांची चौकट १९५० च्या दशकात तयार झाली. एनबीसी वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह अ‍ॅलन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘टुनाइट’ सुरू झाला. आरंभी दिवसभराच्या घडामोडींवर विनोदी टिप्पणी, मग मेजामागे बसलेला सूत्रसंचालक, शेजारच्या सोफ्यावर पाहुणे, बाजूला वाद्यवृंद आणि समोर प्रत्यक्ष प्रेक्षक, ही रचना पुढे रूढ झाली. सायंकाळी ध्वनिचित्रमुद्रण आणि त्याच रात्री प्रसारण, हा बहुतेक कार्यक्रमांचा शिरस्ता. त्यामुळे सकाळच्या बातमीवरचा विनोद झोपण्यापूर्वी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो.

या कार्यक्रमांचे अर्थकारणही सुरुवातीला सोपे होते. नेपथ्य रोज तेच, पाहुणे आपल्या नव्या चित्रपटाच्या वा पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी अल्प मानधनात येणारे आणि पूर्व किनाऱ्यावर अकराच्या स्थानिक बातम्या संपताच तयार मिळणारा प्रेक्षक. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेतील मुख्य वाहिन्यांचे कार्यक्रम देशभरातील संलग्न स्थानिक केंद्रांमार्फत प्रक्षेपित होतात आणि यांतील असंख्य केंद्रे वाहिनीच्या मालकीची नसतात. या केंद्रांची नाराजी सूत्रसंचालकाचे भवितव्य ठरवू शकते, हे पुढे दोनदा ठळकपणे दिसून आले.

अ‍ॅलन यांच्यानंतर १९५७ मध्ये जॅक पार आले आणि त्यांनी गप्पांना अधिक महत्त्व दिले. वाहिनीने आपला एक विनोद परस्पर कापल्याच्या निषेधार्थ पार यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यक्रमातूनच निरोप घेतला आणि सुमारे महिनाभराने ते परतले. सूत्रसंचालकाच्या शब्दावर अंतिम अधिकार कोणाचा, हा वाद या क्षेत्राइतकाच जुना आहे.

कार्सन यांची तीस वर्षे

१ ऑक्टोबर १९६२ रोजी जॉनी कार्सन यांनी सूत्रे हाती घेतली आणि ती तीस वर्षे सोडली नाहीत. १९७२ मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील बरबँक येथे हलला. होतकरू विनोदवीराने आपला प्रयोग संपवल्यावर कार्सन यांनी त्याला सोफ्यावर बोलावले, तर त्याची कारकीर्द मार्गी लागली असे मानले जाई. सत्ताधारी कोणत्याही पक्षाचे असोत, कार्सन त्यांची थट्टा करीत. आपला कल मात्र ते कळू देत नसत. हा अलिप्तपणा त्यांच्या लोकप्रियतेचा एक आधार होता.

त्यांच्या खुर्चीच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्या स्त्री कलावंत म्हणजे जोन रिव्हर्स. कार्सन यांच्या अनुपस्थितीत कार्यक्रम चालवण्याची नियमित जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९८६ मध्ये त्यांनी नव्या फॉक्स वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला, तेव्हा कार्सन यांनी त्यांच्याशी संबंध कायमचे तोडले. रिव्हर्स यांना फॉक्सनेही १९८७ मध्ये दूर केले. ‘टुनाइट शो’ला आजवर स्थायी स्त्री सूत्रसंचालक लाभलेली नाही. कृष्णवर्णीय सूत्रसंचालक आर्सेनियो हॉल यांनी १९८९ ते १९९४ या काळात मुख्य वाहिन्यांच्या व्यवस्थेबाहेर राहून तरुण प्रेक्षक मिळवला. अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांनी जून १९९२ मध्ये सॅक्सोफोन वाजवला, तो त्यांच्याच मंचावर.

२२ मे १९९२ रोजी कार्सन यांनी निरोप घेतला. तो भाग सुमारे ५ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचा अंदाज आहे.

दोन दावेदार, एक खुर्ची

कार्सन यांच्यामागे दोन दावेदार होते. १९८२ पासून त्यांच्या पाठोपाठ प्रसारित होणारा ‘लेट नाइट’ चालवणारे डेव्हिड लेटरमन, आणि कार्सन यांच्या गैरहजेरीत खुर्ची सांभाळणारे जे लेनो. एनबीसीने लेनो यांची निवड केली. दुखावलेले लेटरमन सीबीएसकडे गेले आणि ३० ऑगस्ट १९९३ पासून न्यूयॉर्कच्या एड सुलिव्हन थिएटरमधून ‘लेट शो’ सुरू झाला. एका खुर्चीच्या दोन खुर्च्या झाल्या. प्रेक्षकसंख्येत लेनो दीर्घकाळ पुढे राहिले. विनोदाची घडण बदलण्याचे श्रेय बहुतेक समीक्षक लेटरमन यांना देतात. निवृत्त कार्सन यांचा कौल कोणाकडे होता, हेही लपले नाही. ते मधूनमधून लेटरमन यांना विनोद लिहून पाठवीत आणि लेटरमन ते आपल्या कार्यक्रमात वापरीत. २००५ मध्ये कार्सन यांच्या निधनाच्या सुमारास ही बाब उघड झाली.

भारतीय प्रेक्षकांना लेटरमन यांची आठवण आहे ती त्याच वर्षी त्यांच्या कार्यक्रमात आलेल्या ऐश्वर्या राय यांच्यामुळे. प्रौढ मुलांनी आई-वडिलांसोबत राहण्याबाबतच्या प्रश्नाला, आमच्याकडे घरच्यांबरोबर जेवायला वेळ मागून घ्यावी लागत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी टाळ्या मिळवल्या होत्या. अमेरिकी साच्याची भारतीय आवृत्ती त्यापूर्वीच अवतरली होती. सोनी वाहिनीवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये शेखर सुमन राजकीय नेत्यांची खिल्ली उडवीत आणि मग पाहुण्यांशी गप्पा मारीत.

२०१० : फसलेली वाटणी

१९९२ ची कटुता टाळण्यासाठी एनबीसीने २००४ मध्येच जाहीर केले की २००९ मध्ये लेनो यांची जागा कोनन ओब्रायन घेतील. पाच वर्षांनी तो दिवस उजाडला तेव्हा लेनो अजूनही आघाडीवर होते आणि वाहिनीला त्यांना प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ द्यायचे नव्हते. १ जून २००९ पासून ओब्रायन ‘टुनाइट शो’मध्ये बसले, तर सप्टेंबरपासून लेनो यांना रोज रात्री दहाची वेळ देण्यात आली.

लेनो यांच्या दहाच्या कार्यक्रमाला प्रेक्षक कमी मिळाले आणि त्याची झळ लगेच पुढे असणाऱ्या स्थानिक बातम्यांना बसली. संलग्न केंद्रांनी तक्रारी केल्या. लेनो यांना ११.३५ ची वेळ देऊन ‘टुनाइट शो’ मध्यरात्रीनंतर १२.०५ वाजता ढकलण्याचा तोडगा वाहिनीने काढला. ओब्रायन यांनी जानेवारी २०१० मध्ये पृथ्वीवासीयांना उद्देशून लिहिलेल्या निवेदनात त्यास नकार दिला. कार्यक्रम दुसऱ्या दिवसात ढकलणे म्हणजे त्याचा वारसा मोडणे होय, अशी त्यांची भूमिका होती. २२ जानेवारीला ते बाहेर पडले. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळून सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळाल्याचे वृत्त होते. मार्चमध्ये लेनो पुन्हा जुन्या जागी आले.

पुढची पालट शांततेत झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये जिमी फॅलन यांनी ‘टुनाइट शो’ न्यूयॉर्कला परत आणला. लेटरमन यांनी एप्रिल २०१४ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि आठवडाभरात कोलबर्ट यांचे नाव घोषित झाले. कॉमेडी सेंट्रल वाहिनीच्या ‘द डेली शो’मध्ये जॉन स्टुअर्ट यांची जागा २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर नोआ यांनी घेतली. भारतीय वंशाच्या लिली सिंग यांना २०१९ मध्ये एनबीसीने मध्यरात्रीनंतरची वेळ दिली. दोन हंगामांनंतर २०२१ मध्ये तो कार्यक्रम संपला.

पाया का खचला

या काळात प्रेक्षकांची सवयच बदलली. रात्री साडेअकरापर्यंत जागण्याऐवजी दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीवर पाच मिनिटांची चित्रफीत पाहणे सोयीचे झाले. विनोद पूर्वीइतकाच, कदाचित अधिक, पोहोचू लागला; त्यावर मिळणारे उत्पन्न मात्र दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या तुलनेत तोकडे राहिले. जाहिरात-विश्लेषण संस्था ‘गाइडलाइन’च्या आकडेवारीनुसार, मुख्य वाहिन्यांच्या या कार्यक्रमांचे जाहिरात उत्पन्न २०१८ मध्ये सुमारे ४३ कोटी ९० लाख डॉलर होते. २०२४ मध्ये ते २२ कोटींच्या आसपास आले.

परिणाम हळूहळू दिसू लागले. जेम्स कॉर्डन एप्रिल २०२३ मध्ये गेल्यावर सीबीएसने ‘लेट लेट शो’ बंद केला. त्या वेळी आणलेला स्वस्त पर्यायही २०२५ मध्ये संपला. एनबीसीने २०२४ मध्ये फॅलन यांचे नवे भाग आठवड्यातून चार रात्रींवर आणले आणि सेथ मेयर्स यांचा वाद्यवृंद बंद केला. कोलबर्ट यांचा कार्यक्रम सरासरी सुमारे २४ लाख प्रेक्षकांसह आपल्या वेळेत पहिला होता. तरीही त्यावर वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर तोटा होत असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचे सीबीएसचे म्हणणे आहे.

त्यावर सर्वांचा विश्वास बसला नाही, याला कारण घटनाक्रम. सीबीएसची मूळ कंपनी पॅरामाउंटने अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी असलेला खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. कोलबर्ट यांनी आपल्या कार्यक्रमात याला लाच संबोधले. त्यानंतर तीनच दिवसांनी कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली. पॅरामाउंटच्या स्कायडान्सबरोबरील विलीनीकरणाला तेव्हा संघीय दळणवळण आयोगाची मंजुरी हवी होती. ती २४ जुलैला मिळाली. सिनेटर अ‍ॅडम शिफ व एलिझाबेथ वॉरेन यांनी निर्णयामागे राजकीय कारण आहे का, हे जनतेला कळले पाहिजे, अशी मागणी केली. सप्टेंबरमध्ये याच कार्यक्रमाला सर्वोत्कृष्ट टॉक शोचा एमी पुरस्कार मिळाला.

त्याच महिन्यात एबीसी वाहिनीच्या जिमी किमेल यांचा प्रसंग घडला. चार्ली कर्क यांच्या हत्येसंदर्भातील किमेल यांच्या विधानांवर आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीर इशारा दिला. नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या स्थानिक केंद्रांच्या मोठ्या मालक कंपन्यांनी कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला आणि १७ सप्टेंबरला एबीसीने तो स्थगित केला. तीव्र पडसादानंतर २३ सप्टेंबरला किमेल परतले; या दोन कंपन्यांच्या केंद्रांवर तो २६ तारखेपासून दिसू लागला. नेक्सस्टारचाही एक मोठा खरेदी-व्यवहार तेव्हा आयोगाच्या परवानगीवर अवलंबून होता. २०१० मध्ये स्थानिक केंद्रांची तक्रार प्रेक्षकसंख्येची होती, २०२५ मध्ये ती आशयाची होती.

पुढे काय

खुर्ची गमावलेल्यांसाठी अन्य दारे उघडी आहेत. ओब्रायन यांनी २०१८ मध्ये सुरू केलेला पॉडकास्ट व त्यांची कंपनी २०२२ मध्ये सिरियसएक्सएमने सुमारे १५ कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त होते. लेटरमन २०१८ पासून नेटफ्लिक्सवर मुलाखती घेत आहेत. शाहरुख खान यांची मुलाखत २०१९ मध्ये तेथेच प्रसारित झाली. मात्र अशा उपक्रमांचे यश त्या व्यक्तीच्या नावावर उभे असते आणि तिच्याबरोबरच संपते. वाहिनीची खुर्ची वारशाने देता येत असे. नव्या माणसाला लेखकांचा ताफा, वाद्यवृंद, तंत्रज्ञ आणि तयार प्रेक्षक मिळत. अपयशी आठवड्यांत सावरायला अवधीही मिळे. ‘लेट शो’बरोबर सुमारे दोनशे जणांचे काम संपते आणि उद्याच्या विनोदवीरांची एक जागाही.

किमेल यांचा करार मे २०२७ पर्यंत, तर फॅलन व मेयर्स यांचे करार २०२८ पर्यंत असल्याचे वृत्त आहे. त्या मुदती जवळ येतील तेव्हा वारसदार कोण, या परिचित प्रश्नाआधी वाहिन्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: सत्तेची रोज रात्री थट्टा करणाऱ्या या खुर्चीचा खर्च आणि तिच्यामुळे ओढवणारा रोष सोसण्याची तयारी आहे काय?