आधी नीट बोला, मग ऐकू

१८८५ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली सभा १८७८ साली लोकहितवादी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने झाली होती. आजच्या साहित्य संमेलनाची मुळं तिथलीच. दुसऱ्या सभेसाठी रानड्यांनी जोतीराव फुल्यांनाही बोलावलं. जोतीराव गेले नाहीत. त्यांनी पत्र धाडलं आणि ते ११ जूनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं.

पत्र जहाल होतं. सभा भरवणाऱ्यांना त्यांनी चक्क ‘घालमोडे दादा’ म्हटलं. सन्मानाने बोलावलं तर हे असं उत्तर?

पण हे दोघे काही वैरी नव्हते. १८७५ साली पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली. तिला कडवा विरोध होता. तेव्हा रानड्यांच्या मदतीला जोतीराव आपली माणसं घेऊन रस्त्यावर उतरले होते. म्हणजे सोबत चालायला त्यांची ना नव्हती. त्यांचा मुद्दा वेगळाच होता: जे आम्हाला माणसाचे हक्कच देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ कसा बसणार?

बरं, त्यांचं म्हणणं तोवर कसं ऐकलं गेलं होतं? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनावर टीका केली, तेव्हा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीच यथेच्छ टिंगल केली. वेदना काय आहे ते राहिलं बाजूला, आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले गेले.

मात्र सूर खटकण्याचा रोग एकाच गटाला होतो असं नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यातला संताप सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना सोसवला नाही. ज्यांना स्वतःला ‘नीट बोला’ म्हणून गप्प केलं जात होतं, तेच आता एका बाईला तेच सांगत होते. जोतीरावांनी मात्र ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांसमोर आणलं. मधल्या पिढ्यांना ते ठाऊकच नव्हतं.

याचा अर्थ कुणीही कुणालाही शिव्या द्याव्यात असा नाही. शिवी दुबळ्यालाही दिली जाते, आणि तिथे सभ्यताच त्याची ढाल होते. पण एक फरक ओळखायला हवा. समोरच्याला माणूस मानणं ही सभ्यता झाली. आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याला हळू बोलायला लावणं ही केवळ आपली सोय झाली.

रानड्यांनी बोलावलं, हे त्यांचं मोठेपण. पण पाहुण्याला खुर्ची दिली म्हणजे सभा सर्वांची होत नाही. तो बोलू लागल्यावर आपण काय ऐकतो, त्याचा आवाज की त्याचं म्हणणं, यावर ते ठरतं.