चिमूटभर किण्व आणि राजाचा खजिना

इतिहास म्हटला की लढाया आणि तहांच्या तारखा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु गाडग्याच्या तळाशी उरलेल्या गाळालाही इतिहास असतो, आणि त्यात राजसत्ता पुरती गुंतलेली असते. मराठवाड्याच्या आधाराने आम्हांस तोच येथे सांगावयाचा आहे.

आंबवणाला संस्कृतात किण्व म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. उडदाचा लगदा, त्याहून तृतीयांशाने अधिक तांदूळ आणि काही वनस्पतींची अल्प पूड यांचे किण्व कसे बांधावे, हे तेथे सांगितले आहे. किण्वाची जमवाजमव स्त्रियांनी व मुलांनी करावी, असेही त्यात आहे. गृहस्थांना सणसमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक दिली आहे. एरवी सारा व्यवहार सुराध्यक्षाच्या नजरेखाली. म्हणजे विद्या घरातली आणि उत्पन्न राजाचे! हा झगडा असा पुरातन आहे.

चिमूटभर गाळाची राजाला एवढी चिंता का असावी? कारण गाळ जिवंत आहे. हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ ते १८७६ या काळातील संशोधनाने सिद्ध केले. पुढे १८८३ साली डेन्मार्कमध्ये, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविले आणि ते इतर कारखान्यांनाही मोकळेपणाने देण्यात आले. धान्य खर्चले की संपते. किण्व खर्चले की वाढते. असल्या वस्तूला कुलूप कसे लावणार?

आता आपल्या भागाकडे वळू. किनवट-माहूरच्या रानांत फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पडतात. ती वाळवून, भिजवून आंबविली जातात. फुलांवर आणि मडक्याच्या भिंतींत किण्व असतेच. मागल्या खेपेचा थोडा गाळ नव्यात सोडला म्हणजे आंबणे लवकर सुरू होते. शिंदीचेही तसेच. जुन्याच मडक्यात रस धरला की तो आपोआप आंबतो. गोड नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यापुढे किण्वाचा जोर चालत नाही. एकाच झाडाचा रस, पण मडके कसे राखले यावर त्याचे भवितव्य ठरते.

या मडक्यावर निजामाच्या संस्थानाचा मोठा महसूल अवलंबून होता. अबकारी हे त्याच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात, शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. शेतकऱ्याच्या हातची कुऱ्हाड त्या झाडावर पडत होती आणि घाव खजिन्यावर बसत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट नांदेडला जोडले गेले. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. राज्ये बदलली, पण घरच्या मडक्यावरची सरकारी नजर काही हटली नाही.

दारूची तरफदारी आम्हांस करावयाची नाही. तिने बुडविलेले संसार गावोगाव आहेत, आणि बंदीची मागणी बायकांनीच पुढे होऊन केली आहे. आमचे म्हणणे एवढेच की दारू निराळी आणि आंबविण्याची विद्या निराळी. लातूर भागात वेळ अमावस्येला सारे गाव शेतात लोटते, तेव्हा मातीच्या बिंदग्यांतून ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील जाते. रोटीवाला आजच्या पिठातला गोळा उद्याच्या खमिरासाठी राखतो. गृहिणी दह्याचा चमचा विरजणाला बाजूस काढते. त्यातले जंतू निराळे, परंतु युक्ती तीच.

शेजारणीने मागितलेले विरजण कोणी तोलून देत नाही. दिल्याने ते कमी होत नाही, हे तिला पाश्चरच्या कितीतरी आधी ठाऊक होते. खजिन्याचे हिशेब दप्तरांत राहिले. ज्या हातांनी किण्व जिवंत ठेवले त्यांची नोंद मात्र कोठेच नाही. अर्थशास्त्रात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली. आपल्या इतिहासलेखकांनी त्यांना त्याहून अधिक जागा द्यावयास हवी, असे आम्हांस वाटते.