फाफे मोठा झाला तेव्हा

ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या हाती देणाऱ्या भा. रा. भागवतांनीच फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजेच ‘फास्टर फेणे’ ऊर्फ फाफेला, जन्म दिला. काडीपैलवान, सायकलवर स्वार आणि बोलता बोलता ‘टॉक्’ करणारा हा पोरगा. त्याच्या पुस्तकांची पारायणं करत पुण्यापासून यवतमाळपर्यंत एक अख्खी पिढी वाढली.

दूरदर्शनच्या मालिकेत 1987 मध्ये सुमीत राघवन फेणे झाला.

खरी कुरकुर झाली ती 2017 मध्ये. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’मध्ये अमेय वाघचा बनेश शाळकरी उरला नव्हता. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता, आणि समोर गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा अप्पा. जुन्या वाचकांना चट्टेरीपट्टेरी शर्टातला आपला फाफे हवा होता. पुस्तकं न वाचलेल्यांना मात्र वेगवान रहस्यपट मिळाला.

चित्रपटाने मुळाशी असलेलं नातं तोडलं नाही. ‘टॉक्’ राहिलं, आणि दिलीप प्रभावळकरांनी पडद्यावर साक्षात भागवत उभे केले. नायकाचं वय वाढवूनही त्याचं चौकस डोकं शाबूत ठेवलं, हे या चित्रपटाचं खरं यश. तरीही घरातल्या शाळकरी मुलाला आधी पुस्तक द्या, चित्रपट नंतर दाखवा.